तुमच्या भावाच्या कपाळाची इस्त्री

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

साष्टांग नमस्कार. (नमस्कार कागदावर पूर्ण आठ अंगांचा आहे. प्रत्यक्षात त्यातली दोन, म्हणजे गुडघे, हल्ली कोणापुढेच वाकत नाहीत, तेव्हा तुम्ही मनाला लावून घेऊ नका.) तुमचा खोकला कसा आहे? गरम पाणी खरोखर घेता की फोनवर नुसतं घेते म्हणून सांगता? तुमच्या सूनबाईंची पाठ, नातवाची परीक्षा आणि मेली म्हणून टाकायला काढल्यावर फुललेली ती गॅलरीतली कुंडी, सगळ्यांची खुशाली कळवा. इकडे सर्व क्षेम आहे, असं पत्रात लिहावं लागतं. लिहिलं. आता खरं सांगते.

माझ्या चिरंजीवांनी तुम्हाला फोन करून सगळं आपल्या सोयीने सांगितलेलं असणारच. आई फोटोच्या दुकानात जाऊन चिनी भाषेत भांडली, हेच वाक्य त्याने शेजारी सांगितलं, ऑफिसात सांगितलं आणि माझ्या देखत दूधवाल्यालाही सांगितलं. वन्सं, हे साफ खोटं आहे. चिनी भाषेत मी एकच शब्द बोलले. भांडण सगळं आपल्याच भाषेत झालं, आणि ते हलक्या आवाजात झालं असं माझं म्हणणं नाही. पण त्या एका शब्दापायी घरातले सगळे माझ्याकडे ज्या नजरेने बघताहेत ती नजर मी ओळखते. अंगाला हात न लावता ताप आहे का ते बघायची ती नजर असते. म्हणून हे पत्र. न्याय तुम्ही करा. तुम्ही आजवर एकदाही माझ्या बाजूने न्याय केलेला नाही, तरी मी तुमच्याचकडे आले आहे, यावरून माझी बाजू किती बळकट आहे ते समजा.

झालं असं, की हॉलला रंग द्यायचा ठरला आणि ह्यांचा फोटो भिंतीवरून उतरवला. मागचा पुठ्ठा ओला लागला. भिंतीतली ओल फ्रेमच्या कोपऱ्यातून शिरून ह्यांच्या डाव्या खांद्यापर्यंत आली होती. पिवळट, कडेला तपकिरी, कपाखाली उमटतो तसा डाग. चेहऱ्याला काही झालं नव्हतं. चिरंजीव म्हणाला, दुकानात देतो, डाग काढून मोठा करून आणतो. फोटो कुठला ते तुम्हाला ठाऊकच आहे, तुम्ही पहिल्या रांगेत होतात. ह्यांच्या निवृत्तीचा समारंभ. साहेबांचं भाषण सुरू झालं आणि माईक बंद पडला. दुसऱ्या कोणाला काही सुचायच्या आत सत्कारमूर्ती खुर्चीवरून उठले, टेबलाखाली शिरले, वायर जोडली आणि टेबलक्लॉथखालून डोकं बाहेर काढून 'बोला आता' म्हणाले. तेवढ्यात कोणीतरी फोटो काढला. भुवया वर, कपाळावर झाडून सगळ्या रेघा हजर, आणि डोळ्यांत झालं की नाही काम असा भाव. ह्यांचा समोर बघतानाचा हा एवढा एकच फोटो. बाकी सगळ्या फोटोंत तुमचे भाऊ वर बघताहेत. हाडाचा वायरमन, कुठल्याही खोलीत शिरले की आधी छताला भेटायचे, मग माणसांना. चिरंजीवांच्या शाळेच्या समारंभात ते पंख्याकडे बघताहेत. तुमच्या घरी काढलेल्या फोटोत जिन्यातल्या दिव्याकडे. आमच्या लग्नाच्या फोटोत मी नटूनथटून मान खाली घालून उभी, आणि नवरा फोटोग्राफरच्या दिव्याच्या उघड्या जोडाकडे असा बघतोय, की जन्माची गाठ जणू तिथेच मारायची राहून गेली आहे. या सगळ्यांत हनुवटी उत्तम आली आहे. कपाळ कुठेच नाही. मोबाइलवरचे जे आहेत ते आजारपणातले आहेत. ते मी उघडत नाही.

तर फोटो आला. मोठा, चकचकीत, सोनेरी फ्रेममध्ये. चिरंजीवाने वरचा कागद काढला आणि मी विचारलं, "हे कोण?"

वन्सं, रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असं लहानपणापासून ऐकत आले होते. फ्रेम करून टांगलेलं प्रथमच पाहिलं. डाग होता तिथेच होता. उलट त्याला निळसर छटा देऊन त्याचा ढग केला होता. आणि साफ केला होता तो चेहरा. कपाळ असं, की त्यावर कॅरमची सोंगटी ठेवली असती तर थेट हनुवटीखाली जाऊन पडली असती. डोळ्यांच्या कडेच्या चिरा गेल्या. नाकापासून ओठापर्यंतची खोबण गेली. गालावरचा तीळ गेला. फ्यूज उडाला तेव्हा उजव्या भुवईत जी भाजलेली पांढरी खूण राहिली होती, ती गेली आणि तिथे नव्याने केस उगवले. ओठ गुलाबी. (ह्यांचे ओठ उभ्या जन्मात गुलाबी नव्हते. तोंडात कायम दोन स्क्रू धरलेले असायचे.) ढगापुढे एक तुकतुकीत गृहस्थ उभे होते, आणि आता पुढे होऊन ते मला विम्याची योजना समजावून देणार असं वाटत होतं.

घरात मात्र सगळे खूश. सूनबाई म्हणाली, बाबा किती ताजेतवाने दिसतात. चिरंजीव म्हणाला, दहा वर्षांनी लहान झाले. मी म्हटलं, जिवंत असताना झाले असते तर मलाही आवडलं असतं, आता त्याचा उपयोग काय? यावर दोघांनी एकमेकांकडे बघितलं. शेजारच्या मावशी रंग बघायला आल्या, फोटोपुढे क्षणभर थांबल्या आणि अगदी हळू आवाजात सूनबाईला म्हणाल्या, "तुझे वडील का ग? कधी गेले?" सूनबाईचे वडील धडधाकट आहेत आणि गेल्याच आठवड्यात येऊन आमच्याकडे दोन वेळा वाढून घेऊन जेवून गेले आहेत. त्या एका प्रश्नावर खरं तर निकाल लागायला हवा होता. नाही लागला. मी म्हणत राहिले, मला ह्यांच्या सुरकुत्या परत आणून द्या, आणि हे वाक्य बोलताच समोरचा माणूस हसतो, वन्सं. करून बघा. तुम्हालाही हसू येईल. चष्मा परत आणा म्हटलं तर लोक धावतात, सुरकुत्या परत आणा म्हटलं की डॉक्टरची वेळ घेतात. मला काय म्हणायचं आहे ते माझं मला कळत होतं, पण त्याला धरायला शब्द नव्हता. सुरकुती म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे इस्त्रीच येते. त्या दुकानवाल्यांनी तेच केलं. तुमच्या भावाच्या तोंडावरून इस्त्री फिरवली आणि घडी घालून माझ्या हातात दिला.

आता चिनी वर्गाचं. तुम्हाला तो नादिष्टपणा वाटतो हे मला माहीत आहे, पण त्याला कारण आहे आणि ते तुमच्या भावाचंच आहे. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं शिक्षण झालं ते ह्यांच्या सामानावर. वायरच्या गुंडाळ्या वर्तमानपत्रात बांधून यायच्या, तो कागद मी सोडवून इस्त्री केल्यासारखा सरळ करून वाचायचे, (आणि बातमी नेमकी पुढच्या गुंडाळीत गेलेली असायची,) मग खोक्यांवरच्या सूचना, मग ग्रंथालयाचं एक कपाट, मग दुसरं. खोक्यांच्या एका बाजूला चिनी अक्षरं असायची. मी विचारायचे, हे काय लिहिलंय? हे म्हणायचे, "मला काय माहीत? तू शीक आणि मला सांग." ते राहिलंच. हे गेल्यानंतर ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत वयस्कर लोकांसाठी चिनीचा वर्ग निघाला तेव्हा मी नाव घातलं. (चित्रकलेचा वर्ग भरला होता हेही खरं. पण तो रिकामा असता तरी मी गेले नसते, कारण तिथे फळं काढायला लावतात आणि मग ती शिक्षक खातात.) माळ्यावर ह्यांचं शेवटचं खोकं अजून आहे. त्यावरचं मी सगळ्यात आधी लावलं. 'ही बाजू वर' असं निघालं. म्हणजे तुमच्या भावाने जन्मभर ती खोकी उलटी उघडली आणि मग आतले स्क्रू घरभर सांडले म्हणून मला हाका मारल्या. हे आता सांगायचं कोणाला? मी खोकं सुलटं करून पुन्हा माळ्यावर ठेवलं.

आमची मास्तरीण वयाने माझ्या नातीएवढी आणि आवाजाने हेडमास्तर आहे. फोटो आला त्याच आठवड्यात तिने फळ्यावर पाच चित्रं चिकटवली. वाघाची पाठ, कापलेली फळी, शिंपला, दगड पडल्यावरचं पाणी आणि अंगठ्याचा ठसा. म्हणाली, या सगळ्यांना एकच अक्षर आहे, वन. ते खालून वर चढवत म्हणायचं, आपण 'काऽय?' म्हणून विचारतो तसं. लाकडाचं वन, पाण्याचं वन, बोटाचं वन. आधी फूल जोडलं की हुआवन, म्हणजे नक्षी. माणसाने कापडावर मुद्दाम काढलेलीही चालते, पण आमचा धडा अंगच्या नक्षीचा होता, जी कोणी काढत नाही, आपोआप उमटते. अक्षर लिहायचं तर डावीकडे रेशमाचा धागा आणि उजवीकडे लिखाण. मी मान खाली घालून धागा गिरवत होते, (माझा धागा नेहमी गुंततो,) आणि मास्तरणीने सहावं चित्र लावलं. एका म्हाताऱ्याचं तोंड.

तेही वन, वन्सं. वाघाचं जे, पाण्याचं जे, तेच. डोळ्यांच्या कडेच्या चिरांना ते लोक माशाच्या शेपटीचं वन म्हणतात. हसून हसून पडतात त्या हसण्याचं वन. मी हात वर करून विचारलं, आणि कपाळावरच्या आडव्या? मास्तरीण म्हणाली, थाइ-थोउ-वन. थाइ म्हणजे उचलणं, थोउ म्हणजे डोकं. डोकं वर उचलून उमटलेली नक्षी. मी तिला पुन्हा सांगायला लावलं. मग तिच्याकडून तो शब्द चिनीत लिहिलेलं कार्ड मागून घेतलं. ती म्हणाली, आजी, कार्डं वर्गाची आहेत. मी म्हटलं, दुसरं कर.

आमच्या वर्गात बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब आहेत. त्यांना प्रत्येक शब्दावर हरकत घ्यायची असते, कारण कर्ज नाकारायची सवय अजून गेलेली नाही. ते म्हणाले, "एवढं कशाला? सरळ सुरकुत्या म्हणा की." मी म्हटलं, "साहेब, मग वाघ सुरकुतलेला आहे असं म्हणाल का तुम्ही? त्याच्या तोंडावर?" त्यांनी वही उघडून धागा गिरवायला घेतला. त्यांचं कपाळ ताटासारखं सपाट आहे. मान वर करायची वेळ समोरच्यावर यायची, त्यांच्यावर नाही.

इथे तुम्ही चष्मा सारखा करून म्हणणार, की या रेघा कामाने आलेल्या नाहीतच, त्या आमच्या वडिलांच्या आहेत, आमच्या घराण्याचं कपाळच तसं आहे. मला तुमचं म्हणणं पाठ आहे. तुम्ही 'घराण्याच्या' म्हणायचात, मी 'कामाच्या' म्हणायचे, आणि आपण दोघी ज्यांच्या कपाळावरून भांडत होतो ते गृहस्थ ट्यूब का फडफडते ते बघत असायचे. आता बाहेरच्या लोकांनी निकाल दिला आहे. डोकं वर उचलून, असं स्वच्छ म्हटलंय. त्यात घराण्याचा उल्लेख नाही.

वर्ग सुटला तशी मी घरी आले, फोटो भिंतीवरून काढून काखेत मारला आणि दुकान गाठलं. दुकानात पुढे मालक बसतात आणि मागे पडद्याआड कॉम्प्युटरवर एक गृहस्थ बसतात. त्यांचं नाव मी विचारलं नाही; मनात मी त्यांना रंधा म्हणते, कारण येईल तो चेहरा ते तासून देतात. पन्नाशीचे आहेत, केस काळेभोर रंगवलेले, आणि चष्मा वर सरकवलेला असतो तिथे स्वतःच्या चार ठसठशीत रेघा. त्या त्यांना कोणी काढायला लावलेल्या नाहीत. ते मला म्हणाले, "मावशी, सगळे असंच मागतात. आजवर एकाची तक्रार आलेली नाही." मी म्हटलं, "ज्यांचे फोटो आहेत ते येणार कसे तक्रार करायला?" ते म्हणाले, "पण काका छान दिसताहेत." मी म्हटलं, "तुमचे काका दिसत असतील. माझा नवरा दिसत नाही." मग मी कार्ड काढून त्यांच्या कॉम्प्युटरवर टेकवलं आणि तो शब्द म्हटला. थाइ-थोउ-वन. चढवून म्हणायचा असल्यामुळे तो थोडा चढला. पुढे पासपोर्टच्या फोटोसाठी बसलेला माणूस हलला आणि त्याचा फोटो बिघडला. मालक पडद्यातून डोकावून म्हणाले, त्या नावाचा फोटोचा कागद आम्ही ठेवत नाही, ऑर्डर देऊन मागवावा लागेल. वन्सं, चिनी भाषेतलं भांडण म्हणतात ते एवढंच.

मी म्हटलं, ठीक आहे, मूळ फोटो द्या, मी दुसरीकडे जाईन. तेव्हा मालक पुढे गेले ते परत आलेच नाहीत. रंध्याने चष्मा काढला आणि सांगितलं. ओल लागून फोटो काचेला चिकटला होता. त्याने काचेसकटच तो कॉम्प्युटरात घेतला, मग सोडवायला गेला तर कागद हातात आला आणि चेहरा काचेवर राहिला. काच कुठे आहे? सोडवताना तडकली म्हणून टाकली. कॉम्प्युटरात घेतलेला कुठे आहे? साफ केलेला त्याच्याच जागी ठेवला. म्हणजे पाटी पुसून तिच्यावर दुसरं लिहिलं. आणि हे चिरंजीवांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. संध्याकाळी मी विचारलं तेव्हा म्हणतो, तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. बरोबर आहे. आईला वाईट वाटू नये म्हणून बापाचा चेहरा गेला तरी बोलायचं नाही, आणि आई चिडली की दूधवाल्याला सांगायचं. हा तुमच्या घराण्याचा गुण म्हणायचा असेल तर मी अजिबात वाद घालणार नाही.

रंधा मात्र मनाने वाईट नाही. (हे लिहिताना मला कष्ट पडत आहेत.) त्याने मला खुर्ची दिली आणि म्हणाला, "बसा मावशी, सांगाल तशा परत काढून देतो." आधी त्याने तयार कपाळ आणलं. कॉम्प्युटरात तयार कपाळं मिळतात, तुम्हाला माहीत होतं? कुठल्याशा परक्या म्हाताऱ्याचं कपाळ उचलून ह्यांच्या डोळ्यांवर ठेवलं, ते मागून घातलेल्या टोपीसारखं दिसायला लागलं. मी म्हटलं, "काढा ते आधी. कोणाचं आहे कोण जाणे, त्याची बायको शोधत असेल." त्याने निमूटपणे काढलं. मग त्याने कोरं कपाळ मोठं करून पूर्ण पडदाभर आणलं, हातात ते माउस धरलं आणि म्हणाला, "तुम्ही सांगा. किती होत्या?"

मी तोंड उघडलं आणि तीन म्हटलं. मग म्हटलं चार. मधली सलग होती की नाकाच्या वर येऊन तुटायची? सगळ्यात खालची भुवईबरोबर उजवीकडे चढायची की डावीकडे? रंधा थांबला होता. घाई करत नव्हता. त्याने घाई केली असती तर मला त्याच्यावर ओरडता आलं असतं. वन्सं, मला सांगता येईना. ज्या कपाळासाठी मी घरात आणि बाजारात एवढा गोंधळ घातला ते मला डोळे मिटून दिसेना. दिसत होतं ते ढगापुढचं, गुळगुळीत. थोडेच दिवस ते भिंतीवर होतं, आणि तेवढ्यात ते माझ्या डोक्यात जाऊन बसलं होतं. भाडेकरू आत येऊन मालकाचं सामान बाहेर काढतो तसं.

घरी चालत येताना मी याचा विचार केला आणि मला कारणही सापडलं. आमचा निम्मा संसार शिडीपाशी झाला. घरात काही बिघडलं की हे वर आणि मी खाली शिडी धरून. 'पकड दे', 'टॉर्च इकडे मार', 'हलवू नकोस', 'मी हलवत नाहीये', एवढंच आमचं बोलणं, आणि ते मला पुरायचं. पण खालून माणसाचं कपाळ दिसत नाही. हनुवटी दिसते, नाकपुड्या दिसतात आणि अगदी डोळ्यांसमोर टाचा. टाचा विचारा मला. डाव्या टाचेची मोठी भेग कुठून निघते, कुठे दोन होतात, हिवाळ्यात कुठवर जाते, ते मी त्या रंध्याला न थांबता काढून दिलं असतं. पण टाचांचा फोटो कोणी हॉलमध्ये लावत नाही. कपाळावरून मी हात फिरवला तो तापात, आणि मग शेवटी. त्यामुळे हाताला सगळं माहीत आहे. मी दुकानात तेही करून पाहिलं, त्या पडद्यावर बोट ठेवून. गार लागलं. रंधा तोंड फिरवून चष्मा पुसायला लागला. त्यालाही मी सुनावलं, की पुसायची सवय जरा कमी करा.

फोटो मी आणलेला नाही. दुकानातच भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे. पण नव्या रंगावर रिकामा खिळा फार दिसतो, म्हणून तिथे ते कार्ड अडकवलं. शेजारच्या मावशींनी हे कुठल्या देवाचं म्हणून विचारलं. चिरंजीवाच्या मित्राने विचारलं, काकू, घरून चायनीजचे डबे सुरू करताय का? चिरंजीव त्या दिवसापासून हॉलमध्ये कोणाला बसवत नाही. सूनबाई रोज सकाळी धूळ पुसताना कार्डही पुसते, आणि परवा मला विचारलं, आई, हे उलटं तर नाही ना लागलं? उलटंच लागलं होतं. मी तिच्यावरही रागावले आहे, पण तिच्यावरचा राग जरा कमी केला आहे.

तर अशी हकीकत आहे. आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? चिरंजीवाला चार शब्द तुम्ही सुनवा, तुमचं तो ऐकतो. तुमच्या यजमानांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. खोकल्याकडे बघा. उत्तर लिहिताना अक्षर मोठं काढा, म्हणजे तुम्ही काय नाकारता आहात ते मला नीट वाचता येईल.

तुमची,
एकुलती एक भावजय

ता. क. रंध्याने निरोप पाठवला आहे. तो म्हणतो, घरात कोणाचं तसं कपाळ असेल तर त्यांना समोर बसवा, मी बघून बघून काढतो. चिरंजीवाचं कपाळ माझ्यावर गेलं आहे, त्याचा उपयोग नाही. तेव्हा तुम्ही यावं. याचा अर्थ त्या रेघा घराण्याच्या आहेत हे मी मान्य केलं असा कृपा करून घेऊ नये. तुम्हीही जन्मभर मान वर करून उत्तरं देत आला आहात. तुमच्या त्यानेही पडलेल्या असू शकतात.

आणखी एक. चिरंजीव म्हणतो, आत्याला कशाला दगदग, मोबाइलवर फोटो मागवू. तुम्हाला न सांगता तो मागवूनही झाला. त्यात तुम्ही सोललेल्या बटाट्यासारख्या दिसता. हल्ली मोबाइल स्वतःच रंधा मारतो म्हणे, कोणी न सांगता. म्हणून तुम्हीच या. आणि खरं सांगायचं तर रंध्याला मी अजून हो म्हटलेलं नाही. फोटो झाला नाही तरी चालेल. तुम्ही माझ्यासमोर जेवणाच्या टेबलाशी बसा, मी तुम्हाला न पटणारं काहीतरी बोलेन, (त्याची मला वेगळी तयारी करावी लागत नाही,) आणि तुम्ही भुवया वर कराल. मला तेवढं बघायचं आहे. एकदा बघून भागणार नाही, तेव्हा महिनाभराच्या बोलीने या.

शेवटचं. तुमच्या सूनबाईंच्या बोलण्यात आलं, की तुम्ही रोज झोपताना कपाळाला सुरकुत्या जायचं कसलंसं मलम चोळता. पत्र हातात पडताच ते बंद करा. कपाळ तुमचं असेल, पण आता ते तुमच्या एकटीचं राहिलेलं नाही.